नव्या संशोधकाला आधार कशाचा? : मुडदुसाच्या संशोधनातील एक अध्याय

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

मूल वेळेवर चालू लागले नाही, त्याचे पाय धनुष्यासारखे वाकले, मनगटे जाड दिसू लागली आणि पोट पुढे आले, की आपल्याकडची जाणती माणसे 'मुडदूस झाला' असे म्हणत. हा शब्द आजच्या पिढीच्या कानावर फारसा पडत नाही. शब्द मागे पडला तरी रोग मात्र गेलेला नाही. भारतासारख्या भरपूर ऊन असलेल्या देशातही तो आढळतो, आणि मुलांच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांची गरज आजही तितकीच आहे.

इतिहासाच्या विद्यार्थिनीने हाडांच्या रोगावर लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपची टिपणे काढताना तह, सीमा आणि युद्धखंडणी यांच्या जोडीने उपासमारीचा विषय आला, आणि उपासमारीचा माग काढीत मी व्हिएन्नातील एका बालरुग्णालयापर्यंत जाऊन पोहोचले. तेथे १९१९ ते १९२२ या काळात जे काम झाले ते वैद्यकाच्या इतिहासात मोलाचे मानले जाते. मला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसला, आणि तो आपणा सर्वांचा आहे. नव्या संशोधकाला आधार द्यावा असे सगळेच म्हणतात. पण आधार म्हणजे नेमके काय? बहुधा त्याचा अर्थ शिष्यवृत्ती एवढाच घेतला जातो. प्रस्तुत लेखात मला असे दाखवावयाचे आहे की पैसा, जागा आणि मार्गदर्शन या तिन्हींच्या जोडीला एक चौथी गोष्ट लागते : आश्रय देणाऱ्याचे मत चुकीचे ठरविण्याची मोकळीक.

रोगाचे स्वरूप

प्रथम रोगाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हाड ही जिवंत वस्तू आहे. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो. तेथे नवी कूर्चा तयार होत जाते, तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार बसतात आणि तिचे हाड बनते. क्षार पुरेसे मिळाले नाहीत तर कूर्चा वाढत राहते, पण कडक होत नाही. मग मनगटाजवळ आणि घोट्याजवळ गाठी आल्यासारखे दिसते, बरगड्यांच्या टोकांना मण्यांची माळ घातल्यासारखे उंचवटे येतात आणि शरीराच्या भाराने मऊ हाडे वाकतात. मुलींच्या बाबतीत याचा आणखी एक परिणाम होतो. कमरेचे हाड लहानपणी वेडेवाकडे झाले तर पुढे बाळंतपण अवघड होते. एकेकाळी अशी कित्येक बाळंतपणे आईच्या किंवा मुलाच्या जिवावर बेतत असत.

अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यावयास ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व माशाच्या यकृताच्या तेलात भरपूर असते. परंतु माणसाला ते मुख्यतः उन्हातून मिळते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर पडले की त्वचेतल्या एका पदार्थापासून ते तयार होते. आज हे शाळेच्या पुस्तकातही सापडेल. १९१९ साली मात्र यातले कोणालाच पक्के ठाऊक नव्हते. 'ड जीवनसत्त्व' हे नावही तेव्हा जन्मले नव्हते.

एका विद्यार्थ्याचा प्रबंध

या विषयाचा छापील इतिहास एका विद्यार्थ्यापासून सुरू होतो ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. डॅनिएल व्हिस्लर हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा इंग्रज तरुण हॉलंडमधील लायडन विद्यापीठात वैद्यकाची पदवी घेत होता. १६४५ साली त्याने पदवीसाठी जो लॅटिन प्रबंध सादर केला त्याचा विषय होता इंग्लंडमधील मुलांचा हा रोग. त्याने रोगाला एक लांबलचक ग्रीक नाव सुचविले. ते कोणी स्वीकारले नाही. पाच वर्षांनी, १६५० साली, केंब्रिजचे प्राध्यापक फ्रान्सिस ग्लिसन यांचा याच रोगावरचा मोठा ग्रंथ निघाला. ग्लिसन यांच्या मागे लंडनच्या वैद्यांचे एक मंडळ होते, अनुभव होता, पदाचे वजन होते. त्यांचा ग्रंथ अधिक सखोल होता यात वाद नाही. पण त्या ग्रंथाच्या छायेत व्हिस्लरचे नाव झाकले गेले, आणि पुढे कित्येक पिढ्या या रोगाचा पहिला वर्णनकार म्हणून ग्लिसन यांचेच नाव घेतले जाई.

यात कोणावर अन्याय झाला असे मला म्हणावयाचे नाही. एकट्या विद्यार्थ्याचे निरीक्षण आणि मंडळाच्या पाठबळाने झालेले काम यांत केवढे अंतर पडते, ते येथे दिसते एवढेच.

तीन मते

त्यानंतर पावणेतीनशे वर्षे गेली. कारखान्यांच्या शहरांत धूर वाढला, गल्ल्या अरुंद झाल्या आणि मुडदूस हा युरोपातील गरीब वस्त्यांचा नेहमीचा रोग होऊन बसला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या कारणाविषयी विद्वानांत तीन प्रमुख मते होती.

पहिले मत ग्लासगोचे. लिओनार्ड फिंडले आणि त्यांचे सहकारी म्हणत की मुलांना कोंडून ठेवणे, मोकळी हवा आणि हालचाल न मिळणे हेच मूळ आहे. दुसरे मत लंडनचे. एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना ठरावीक निकृष्ट आहार देऊन त्यांच्यात मुडदूस उत्पन्न केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो असे १९१९ साली प्रसिद्ध केले. म्हणजे दोष अन्नाचा. तिसरे मत मध्य युरोपातील बऱ्याच वैद्यांचे : हा जंतूंमुळे होणारा, संसर्गाचा रोग असावा.

प्रत्येक पक्षाजवळ पुरावा होता आणि प्रत्येकाच्या पुराव्यात फट होती. मेलनबी यांची पिले घरातच ठेवलेली होती. तेव्हा ग्लासगोवाल्यांना बोट ठेवावयास जागा मिळाली. याच सुमारास, १९१८-१९ च्या हिवाळ्यात, बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या चार मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसविले. या दिव्यातून अतिनील किरण निघतात. मुलांची हाडे सुधारली. पुढे त्याने केवळ एका हातावर किरण सोडले, तर दुसऱ्या हाताचे हाडही भरून आले! म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सर्वत्र जात असले पाहिजे. हे चौथे मत कोणत्याच पक्षात बसत नव्हते.

प्राण्यांवरचे प्रयोग झाले होते, तर्क झाले होते. माणसाच्या बाळांवर काळजीपूर्वक, तुलना करून केलेला मोठा अभ्यास मात्र झालेला नव्हता. तो झाला युद्धात हरलेल्या, उपाशी व्हिएन्ना शहरात, आणि केला शत्रुराष्ट्रातून आलेल्या स्त्रियांनी.

लिस्टर संस्थेतील एक नेमणूक

या स्त्रियांच्या प्रमुख हॅरिएट चिक. त्यांचा जन्म १८७५ सालचा. त्या वैद्य नव्हत्या. जंतुशास्त्र हा त्यांचा विषय. १९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत एका संशोधनवृत्तीसाठी अर्ज केला. तोपर्यंत ती वृत्ती कोणा स्त्रीला मिळालेली नव्हती. संस्थेतील दोन जणांनी संचालकांना गळ घातली की बाईला नेमण्याचा वेडेपणा करू नका. संचालक होते चार्ल्स मार्टिन. त्यांनी चिक यांना नेमले. पुढे दोघांनी मिळून प्रथिनांवर जे काम केले ते आजही आधारभूत मानले जाते. जंतुनाशकांच्या क्रियेविषयीचा एक नियमही चिक यांच्या नावाने ओळखला जातो.

ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. नव्या संशोधकाला पहिला आधार अशा एका सहीचा असतो. सही करणाऱ्याला तेव्हा काहीच हाती लागत नाही. उलट आपल्याच माणसांची नाराजी पत्करावी लागते. आणि ज्याला अशी सही मिळाली तो पुढे दुसऱ्यासाठी सही करतो. चिक यांच्या बाबतीत तसेच झाले.

१९१८ मध्ये लिस्टर संस्था आणि इंग्लंडचे वैद्यकीय संशोधन मंडळ यांनी मिळून जीवनसत्त्वांच्या अभ्यासासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स आणि चिटणीस हॅरिएट चिक. युद्ध संपल्यावर व्हिएन्नातील मुलांच्या हालांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा तेथे जाऊन पाहणी करण्याचे काम चिक यांच्याकडे आले. त्यांच्या बरोबर गेल्या एल्सी डॅलिएल. या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. बाईट स्मारक संशोधनवृत्ती मिळविणाऱ्या पहिल्या ऑस्ट्रेलियन स्त्री त्याच. ती त्यांना १९१२ मध्ये मिळाली होती. युद्धात त्यांनी आघाडीजवळच्या इस्पितळांत काम केले होते. मागाहून आल्या मार्गारेट ह्यूम, हॅना हेंडरसन स्मिथ आणि अठ्ठावीस वर्षांच्या बालरोगवैद्य हेलन मॅके. मॅके यांनाही बाईट वृत्ती मिळालेली होती.

व्हिएन्नातील तीन वर्षे

व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख होते क्लेमेन्स फॉन पिर्के. आज आपण सर्रास वापरतो तो 'ॲलर्जी' हा शब्द त्यांनीच १९०६ साली घडविला. कीर्ती मोठी, अधिकार मोठा. आणि मुडदुसाविषयी त्यांचे मत काय? हा संसर्गाचा रोग आहे!

आता प्रसंग कल्पनेत आणून पाहावा. कालपर्यंत ज्यांच्याशी युद्ध चालले होते त्या देशातील बायका येतात. त्यांची प्रमुख वैद्यही नाही. ती म्हणते, तुमचे मत आम्हांस पटत नाही. तुमच्या रुग्णालयातील खाटा आम्हांस द्या, म्हणजे अन्नाचा संबंध आहे की नाही ते पाहू. पिर्के यांनी खाटा दिल्या. परिचारिका दिल्या, क्ष-किरणांची सोय दिली आणि हान्स विम्बर्गर या आपल्या सहकाऱ्याला क्ष-किरणचित्रांच्या कामासाठी सोबत दिले. स्वतःचे मत त्यांनी सोडले नव्हते. पाहुण्यांना ते तपासू मात्र दिले.

अभ्यासाची रचना साधी होती आणि म्हणूनच भक्कम. वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला रुग्णालयाचा नेहमीचा आहार. दुसऱ्या गटाच्या आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल. इमारत तीच, शुश्रूषा तीच, स्वच्छता तीच. रोग संसर्गाचा असेल तर तो दोन्ही गटांत सारखाच व्हावयास हवा. रोग झाला की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावयाचे नाही. ठरावीक दिवसांनी क्ष-किरणचित्र घ्यावयाचे आणि हाडाच्या टोकाशी काय चालले आहे ते त्यावर वाचावयाचे.

हिवाळा आला तसा नेहमीच्या आहारावरील बाळांत मुडदूस दिसू लागला. तेल मिळणाऱ्या बाळांत तो दिसेना. म्हणजे पिर्के यांचे मत टिकले नाही. पण गोष्ट येथे संपत नाही. उन्हाळा आला, बाळे बाहेर मोकळ्या हवेत ठेवली जाऊ लागली, आणि मग दोन्ही आहारांवर कोणालाच नव्याने मुडदूस होईना! केवळ अन्नाचा दोष असता तर नेहमीच्या आहारावरील मुले उन्हाळ्यातही आजारी पडावयास हवी होती. म्हणजे चिक आणि त्यांचे सहकारी जे मत घेऊन लंडनहून निघाले होते तेही अपुरे ठरले. तेव्हा त्यांनी बर्लिनचा दिवाही वापरून पाहिला. तेलाने हाड भरते, उन्हाने भरते आणि दिव्यानेही भरते हे क्ष-किरणचित्रांत दिसून आले. अन्न आणि ऊन ही दोन परस्परविरोधी कारणे राहिली नाहीत; एकाच गरजेच्या पूर्तीचे ते दोन मार्ग ठरले. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातील हा गुण अ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखविले आणि त्याला पुढे 'ड' हे अक्षर मिळाले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. बाळांना रोग होण्याची वाट पाहणे कितपत योग्य? त्या काळी रुग्णालयाचा आहार हाच मान्य आहार होता, आणि तेलाचा गुण सिद्ध झालेला नव्हता. रोगाची चिन्हे दिसताच बाळांवर उपचार केले जात. तरीही आजच्या नियमांत असा अभ्यास बसणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये मुलांचा सहभाग असलेल्या संशोधनासाठी स्वतंत्र नीतिनियम प्रसिद्ध केले आहेत. नव्या संशोधकाला ही दृष्टी देणे हाही आधाराचाच भाग आहे.

आधाराचे घटक

वरील हकीकतीवरून आधाराचे घटक वेगळे काढता येतात.

एक, निर्वाहाची निश्चिती. मॅके यांना वृत्ती नसती तर परक्या शहरात त्या राहू शकल्या नसत्या. मुलांच्या हाडांचा अभ्यास एका हिवाळ्यात उरकत नाही. ऋतू फिरून यावा लागतो, मूल वाढावे लागते. व्हिएन्नाचे काम एका वर्षात गुंडाळले असते तर उन्हाळ्याचे ते कोडे पुन्हा तपासून पाहता आले नसते.

दोन, सामग्री. खाटा, दूध, तेल, क्ष-किरणांच्या काचा. विचार कितीही सुंदर असला तरी काचेवाचून हाड दिसत नाही.

तीन, वेगवेगळ्या विद्या जाणणाऱ्यांची सोबत. जंतुशास्त्रज्ञ, वैद्य, क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र आले. आणि १९२३ साली वैद्यकीय संशोधन मंडळाने अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा त्यावर प्रमुखाबरोबर सहकाऱ्यांचीही नावे आली. व्हिस्लरच्या वाट्याला जे आले नाही ते मॅके यांना मिळाले.

चार, विरोधी निष्कर्षाची मुभा. माझ्या मते हा घटक दुर्मीळ आहे, कारण त्याला पैसा लागत नाही आणि म्हणून तो अंदाजपत्रकात दिसत नाही. आश्रयदाता मनातून दुखावेल या भीतीने निष्कर्ष गुळगुळीत करून लिहिले जातात. व्हिएन्नात यजमानांचे मत खोटे ठरले आणि पाहुण्यांचे अपुरे, आणि तरीही दोघांपैकी कोणी काम थांबविले नाही.

नाशिकचा दाखला

व्हिएन्नाचे निष्कर्ष प्रसिद्ध होत होते त्याच सुमारास, १९२२ साली, हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा एक निबंध इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातील निरीक्षणे आपल्या नाशिकची आहेत. त्यांना दिसले ते असे : पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील घरांत, मग ती मुसलमान असोत की वरच्या थरातील हिंदू, मुडदूस आढळे. याउलट ज्या गरीब बायका मुलांना घेऊन दिवसभर बाहेर उन्हात कामाला जात त्यांच्या मुलांत, आहार निकृष्ट असूनही, तो फारसा दिसत नसे. युरोपात मुडदूस गरिबांचा रोग होता. येथे तो माजघरात कोंडलेल्यांचा निघाला.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या निरीक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. हाडाच्या दुखण्याचे कारण घराच्या रचनेत आणि स्त्रीने उंबरठा ओलांडावा की नाही या रूढीत सापडले. ते शोधण्यास प्रयोगशाळेइतकीच घरोघर जाऊन विचारपूस करण्याची आवश्यकता होती, आणि ती विचारपूस येथील भाषा आणि चालीरीती जाणणाऱ्या माणसावाचून होणे कठीण. निबंधावर शहा यांचे नाव आहे ही गोष्ट त्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नंतर काय झाले?

व्हिएन्नाहून परतल्यावर हेलन मॅके यांनी लंडनच्या गरीब वस्तीतील मुलांच्या इस्पितळात काम चालू ठेवले. तान्ह्या मुलांना लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पंडुरोगावर त्यांनी मोठा अभ्यास केला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही दोन गटांची तीच काळजीपूर्वक तुलना होती. १९३४ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यांना सन्मान्य सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

एल्सी डॅलिएल यांची गोष्ट निराळी आहे. अनुभव सर्वांत दांडगा, व्हिएन्नातील कामात वाटा मोठा. १९२३ मध्ये त्या सिडनीला परतल्या. त्यांच्या योग्यतेचे संशोधनाचे पद तेथे त्यांना मिळाले नाही. १९२४ पासून १९४६ पर्यंत त्या सरकारी आरोग्य खात्यात साहाय्यक सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ म्हणून राबल्या. ते कामही उपयुक्तच होते. पण मुलांच्या हाडांच्या अभ्यासाला मात्र त्या अंतरल्या.

दोघी एकाच रुग्णालयात, एकाच अहवालावर. एकीला पुढची पायरी सापडली, दुसरीला नाही. संशोधनवृत्तीची मुदत संपते त्या दिवसानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणाकडे नव्हते. आजही आपल्याकडे संशोधनवृत्ती संपल्यावर वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकांवर दिवस काढणारे तरुण काही थोडे नाहीत. प्रकल्पाच्या शेवटी संशोधकाला वाऱ्यावर सोडले तर त्याच्यावर केलेला खर्च आणि त्याने मिळविलेली दृष्टी ही दोन्ही वाया जातात.

आजची गरज

ड जीवनसत्त्व सापडले, तेव्हा आता संशोधनाला काय उरले, असे कोणी विचारील. याचे उत्तर आफ्रिकेतून मिळते. १९७८ मध्ये जॉन पेटिफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील मुलांविषयी शंका उपस्थित केली : या मुलांना ऊन भरपूर मिळते, तरी मुडदूस होतो, मग आहारातील कॅल्शियम तर कमी पडत नसेल? पुढे नायजेरियात टॉम थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडदूस झालेल्या १२३ मुलांचे तीन गट करून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दोन्ही मिळून यांची तुलना केली. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियमचा, एकट्याचा किंवा जोडीने, गुण अधिक आला. म्हणजे व्हिएन्नाचे सत्यही पुढच्या पिढीने विस्तारले. आपल्याकडे दूध न परवडणाऱ्या घरांसाठी नाचणीचे महत्त्व काय, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशापुढचे प्रश्नही थोडे नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील एका अभ्यासात धुराने कोंदलेल्या भागातील बाळांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या धुराने एकेकाळी युरोपच्या मुलांचे ऊन अडविले तो आता आपल्या डोक्यावर आहे. पुण्याच्या परिसरातील खेड्यांत गर्भवतींच्या आहाराचा दीर्घ अभ्यास चालला. कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भरलेली आढळली, असा निष्कर्ष त्यातून २००६ मध्ये आला.

नव्या संशोधकाची येथे कशी फसगत होऊ शकते याचे एक उदाहरण देते. हाडातील क्षारांचे प्रमाण मोजणाऱ्या आजच्या यंत्रात दोन प्रकारच्या क्ष-किरणांचा उपयोग करतात. यंत्र हाडाची सावली पाहते, जाडी पाहत नाही. त्यामुळे मूल चणीने लहान असेल तर हाड निरोगी असूनही आकडा कमी येतो. आपल्या मुलांची तुलना अमेरिकेतील मुलांच्या तक्त्याशी केली तर धडधाकट मूलही रोगी ठरावयाचे. म्हणून आपले तक्ते हवेत. ५ ते १७ वर्षांच्या भारतीय मुलामुलींचे असे तक्ते पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. असा तक्ता म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक तरुण संशोधकासाठी घालून ठेवलेला पूलच होय.

मुलांच्या हाडांच्या आरोग्याविषयी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद १९९९ पासून भरते आणि तीत नव्या संशोधकांसाठी वेगळे पुरस्कार ठेवलेले असतात. पुरस्कार चांगलेच. पण मॅके आणि डॅलिएल यांची चरित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे कळते की पुरस्काराच्या आधीची सही आणि नंतरची नोकरी यांवाचून एकट्या पुरस्काराने फारसे साधत नाही.

समारोप

हॅरिएट चिक १०२ वर्षे जगल्या. १९७६ साली, म्हणजे वयाची शंभरी उलटल्यावर, त्यांनी व्हिएन्नातील त्या कामाविषयी एक लेख लिहून प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्या निवर्तल्या. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे काम पुन्हा सांगावेसे त्यांना वाटले, यातच त्या तीन वर्षांचे मोल दिसते.

आपले महाविद्यालय कलाशाखेचे. आपल्याकडे खाटा नाहीत, क्ष-किरणांचे यंत्र नाही. तरी या विषयात आपल्याला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवण्याची चाल कोणत्या घरांतून टिकली आणि कोठे मोडली, मुली वयात आल्यावर त्यांचे मैदानावर खेळणे कधी व का थांबते, घरातल्या दुधाची वाटणी मुलगा आणि मुलगी यांच्यात कशी होते, याची पाहणी समाजशास्त्राचे विद्यार्थी करू शकतील. मूल अभ्यासात घेण्यापूर्वी आईबापांची संमती घ्यावी लागते. त्या संमतिपत्राची मराठी बहुधा कोणालाच कळत नाही. ती सोपी करून देणे हे आपल्या मराठी विभागाचे काम होऊ शकते. वैद्यकीय संशोधन करणाऱ्या तरुणांना अशी सोबत हवीच असते.

गुरुजनांस एक विनंती करून हा लेख पुरा करते. आम्हां विद्यार्थ्यांना आपण पुस्तके देता, वेळ देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच्या जोडीला पिर्के यांनी दिली तशी थोडी जागाही द्यावी, जेथे आपले एखादे मत आम्हांला पुराव्यानिशी तपासून पाहता येईल. हीच मुभा माझ्या वाचकांसही आहे. या लेखातील मताला कोणी पुढील वर्षीच्या अंकात साधार खोडून काढले, तर मला आनंदच होईल.